पहिला मतदारसंघ, शेवटचा जिल्हा

महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ मतदारसंघांची यादी नंदुरबारपासून सुरू होते. विधानसभेच्या २८८ मतदारसंघांत पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा आहे आणि त्यातले पहिले मतदान केंद्र नर्मदाकाठच्या मणिबेलीचे. मतदानाची यंत्रे तिथे होडीतून न्यावी लागतात. निवडणूक आयोगाच्या कागदावर राज्य जिथून सुरू होते, तो जिल्हा विकासाच्या कागदावर मात्र तळाशी सापडतो. २०१२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात नंदुरबारचा निर्देशांक राज्यात सर्वांत कमी होता. नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी गरिबीचा निर्देशांक प्रसिद्ध केला, त्यातही राज्यातला सर्वांत गरीब जिल्हा नंदुरबारच निघाला. त्या मोजपट्टीने जिल्ह्यातली ५२ टक्क्यांहून अधिक माणसे गरीब ठरली.

मतदार उदासीन आहे म्हणून असे झाले, असे म्हणायला इथे जागा नाही. १३ मे २०२४ रोजी लोकसभेसाठी नंदुरबार मतदारसंघात ७० टक्क्यांहून अधिक मतदान झाले. त्याच दिवशी पुण्यात ते ५४ टक्क्यांपर्यंतही पोचले नाही. ऐन मे महिन्याच्या उन्हात पाड्यावरून डोंगर उतरून केंद्रावर येणाऱ्या माणसाला मताची किंमत समजावून सांगण्याची गरज नाही. विचारायचे आहे ते पुढचे. इतक्या नेमाने मत देणाऱ्या माणसाचे म्हणणे कारभारापर्यंत किती पोचते? कोणत्या वाटेने पोचते आणि कुठे अडते? सात दशकांचा इतिहास आणि गेल्या काही निवडणुका समोर ठेवून या प्रश्नाचा आढावा घेण्याजोगा नंदुरबारइतका बोलका जिल्हा दुसरा नाही.

हक्क मिळाला त्याआधी

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव, असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि तीत सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींची माणसे होती. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी, धानका अशा अनेक समाजांचा हा जिल्हा. तापी आणि गोमाईच्या काठी ऊस, केळी, पपई, मिरचीची बागायत आहे. सातपुड्यात चढाची कोरडवाहू शेती आणि जंगल. मतदारांच्या चिंताही या दोन भूभागांप्रमाणे वेगळ्या होतात, हे आधी लक्षात घ्यायला हवे.

ब्रिटिश अमदानीत हा भाग पश्चिम खानदेशात होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार पुढच्या वर्षी नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर इथल्या मेहवासी प्रमुखांची गावे ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ म्हणून जाहीर झाली. मुंबईच्या विधिमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरने तसा हुकूम काढल्याशिवाय तिथे लागू होत नसे. मताचा हक्कही त्या काळी मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर ठरत असे, म्हणजे डोंगरातल्या बहुतेकांना तो नव्हताच. अशा माणसांच्या हातात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिका आली. जमीनदार, सावकार, जंगलखात्याचा शिपाई आणि सालदार यांच्या मतांना सारखीच किंमत असलेला आयुष्यातला तो पहिला दिवस होता. इथला मतदार आजही मतदानाचा दिवस इतक्या गांभीर्याने का पाळतो, याचे एक उत्तर या इतिहासात आहे.

एकनिष्ठेची तीस वर्षे

१९८१ च्या पोटनिवडणुकीत माणिकराव गावित नंदुरबारमधून लोकसभेवर गेले आणि २००९ पर्यंत सलग नऊ वेळा निवडून आले. देशात एवढी सलगता थोड्याच मतदारसंघांनी दाखवली आहे. काँग्रेसच्या प्रचाराची सुरुवात नंदुरबारच्या सभेने करायची, हा गांधी घराण्याचा पायंडा जुने कार्यकर्ते आजही आवर्जून सांगतात. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात आले. देशातले पहिले आधार क्रमांक तिथे दिले गेले आणि पहिले कार्ड गावातल्या एका आदिवासी महिलेच्या हाती पडले.

या निष्ठेचे मोल काय मिळाले? जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या जवळ आल्या. आश्रमशाळा वाढल्या, काही रस्ते झाले. हे कमी लेखण्याचे कारण नाही. पण धडगाव आणि अक्कलकुव्यातले कुपोषण, बालमृत्यू आणि मजुरीसाठीचे स्थलांतर या तीस वर्षांत संपले नाही. टेंभलीच्या लोकांना ओळख देणारा क्रमांक मिळाला, गावात वर्षभर पुरेल असे काम त्या क्रमांकाबरोबर आले नाही. पक्के मत हाताशी असले की पक्षाला त्या मतदाराची समजूत काढावी लागत नाही. विरोधकालाही तिथे मेहनत घेण्यात अर्थ वाटत नाही. एका बाजूने गृहीत धरलेला आणि दुसऱ्या बाजूने सोडून दिलेला, असा हा मतदार दोन्हीकडून एकटा पडला.

याचा दोष मतदाराला देणे अन्यायाचे होईल. वनजमिनीचा कागद, रेशन, आश्रमशाळेतला प्रवेश, जातीचा दाखला अशा प्रत्येक गोष्टीसाठी ज्याला सरकारी दारात उभे राहावे लागते, तो सत्तेच्या पक्षाशी जोडून राहतो. ती त्याची सावधगिरी असते.

बदलता कौल

२०१४ मध्ये हा कौल बदलला. भाजपच्या डॉ. हीना गावित यांनी माणिकरावांचा १ लाख ६ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये त्यांनी काँग्रेसचे के. सी. पाडवी यांना ९५ हजारांहून अधिक मतांनी हरवले. २०२४ मध्ये के. सी. पाडवींचे पुत्र गोवाल पाडवी यांनी हीना गावित यांना १ लाख ५९ हजारांहून अधिक मतांनी हरवून मतदारसंघ काँग्रेसकडे परत नेला. तीस वर्षे न हललेला मतदारसंघ दहा वर्षांत दोनदा उलटला.

त्याच २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. तिचा निकाल पाहिला तर मतदार आंधळेपणाने लाटेबरोबर वाहिला, हा समज टिकत नाही. लोकसभेला काँग्रेसला भरभरून मते मिळालेल्या जिल्ह्यात विधानसभेच्या चार जागांपैकी नंदुरबार आणि शहादा भाजपकडे, अक्कलकुवा शिवसेनेच्या शिंदे गटाकडे आणि एकटे नवापूर काँग्रेसकडे गेले. अक्कलकुव्यात विजयाचे अंतर तीन हजारांच्या आत होते. नवापुरात ते जेमतेम अकराशेच्या आसपास राहिले. दिल्लीसाठी एक हिशेब आणि मुंबईसाठी दुसरा, असा विचार करून सहा महिन्यांत वेगवेगळे मत देणारा हा मतदार आहे.

त्याच निवडणुकीत तेव्हाचे राज्यातले मंत्री विजयकुमार गावित, त्यांची कन्या हीना, बंधू शरद आणि राजेंद्र असे एकाच कुटुंबातले चौघे जिल्ह्यातल्या चारही मतदारसंघांत उभे होते. कुणी भाजपकडून, कुणी काँग्रेसकडून, तर दोघे अपक्ष. मतदारांनी त्यांतल्या एकट्या विजयकुमार गावितांना निवडले. घराण्याचे नाव पुरेसे नाही, एवढे या निकालाने सांगितले. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नवापुरात निवडून आलेले शिरीषकुमार नाईक हे माजी मंत्री सुरुपसिंग नाईक यांचे पुत्र. खासदार गोवाल पाडवी हेही माजी मंत्र्यांचेच पुत्र. जिल्ह्यातले चारही विधानसभा मतदारसंघ, तसेच याच लोकसभा मतदारसंघात येणारे साक्री आणि शिरपूर, अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. आरक्षणामुळे आदिवासी प्रतिनिधी विधिमंडळात आणि संसदेत पोचले, ही मोठी गोष्ट झाली. पण उमेदवारी चार-दोन घरांच्या बाहेर फारशी गेली नाही. पाड्यावरच्या शिक्षिकेला, आशा कार्यकर्तीला, वनहक्कासाठी झटणाऱ्या तरुणाला तिकीट मिळण्याची वाट अजून अरुंदच आहे.

राज्याचे आदिवासी विकास खाते २०२० च्या सुरुवातीपासून आधी के. सी. पाडवी यांच्याकडे आणि २०२२ नंतर विजयकुमार गावित यांच्याकडे होते. सरकार बदलले, पक्ष बदलला, तरी खाते याच जिल्ह्याकडे राहिले. तेव्हा नंदुरबारला सत्तेत वाटा मिळाला नाही, ही तक्रार पुरती खरी नाही. वाटा मिळाला, तो पाड्यापर्यंत उतरला नाही.

मतदाराच्या मनातले प्रश्न

प्रचारसभांत काय बोलले जाते आणि पाड्यावर काय बोलले जाते, यात अंतर आहे. १२ मार्च २०२४ रोजी राहुल गांधींची यात्रा नंदुरबारातून महाराष्ट्रात आली. १० मे रोजी पंतप्रधान मोदींची आणि ११ मे रोजी प्रियांका गांधींची सभा इथे झाली. पंतप्रधानांच्या भाषणातले देशभर गाजलेले वाक्य होते शरद पवार आणि उद्धव ठाकरे यांनी कुणाबरोबर जावे याविषयीचे. राज्यातल्या पक्षफुटीची चर्चा नंदुरबारच्या व्यासपीठावरून झाली, नंदुरबारच्या दवाखान्यांची राज्यात झाली नाही.

पाड्यावरचा पहिला प्रश्न रस्ता आणि दवाखाना हाच आहे. अक्राणी-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांवरून बाळंतिणीला आजही बांबूला बांधलेल्या झोळीत घालून, चार माणसांच्या खांद्यावरून गाडीरस्त्यापर्यंत आणावे लागते. नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे, पण तो वेळेवर पोचणे पाणी, इंधन आणि मनुष्यबळ यांवर अवलंबून असते. सिकलसेलसारखा आजार इथे घरोघरी माहीत आहे. २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, याचा सपाटीवरच्या लोकांना मोठा आधार झाला. डोंगरातल्या माणसाचा प्रश्न मात्र त्या महाविद्यालयापर्यंत पोचायचे कसे, हा आहे.

दुसरा प्रश्न जमिनीचा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन जंगलखात्याच्या नावावर, त्यामुळे सातबारा नाही, पीककर्ज नाही, विमा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा अन्याय दूर करण्याचे वचन दिले. दावे दाखल झाले, काहींना पट्टे मिळाले, कित्येकांचे दावे पुराव्याअभावी फेटाळले गेले किंवा प्रत्यक्ष कसणुकीपेक्षा कमी क्षेत्राचे पट्टे हाती पडले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला तेव्हा देशभरचे आदिवासी हादरले. लोकसभा निवडणूक तोंडावर होती. केंद्र सरकारने न्यायालयात धाव घेतली आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. मतदाराचा धाक किती उपयोगी पडतो आणि कधी उपयोगी पडतो, हे या पंधरा दिवसांत दिसले.

तिसरा प्रश्न आरक्षण आणि ओळख यांचा. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा घेतल्या जातात, ही तक्रार जुनी आहे. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दाखल्यांवर मिळवलेल्या नोकऱ्या आणि प्रवेशांना संरक्षण देता येणार नाही, असा निकाल दिला. त्याची अंमलबजावणी कशी होते, याकडे इथल्या तरुणांचे लक्ष आहे. इतर समाजांना अनुसूचित जमातींत घेण्याच्या मागणीची धास्ती आहे. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातल्या सतरा संवर्गांची सरकारी भरती रखडली, तेव्हा शिकून परीक्षा दिलेली मुले रस्त्यावर उतरली. आपल्या आधीच्या पिढीने कधी न पाहिलेली पदवी हातात असलेला हा तरुण मतदार संविधानाविषयीची प्रत्येक चर्चा कान देऊन ऐकतो. २०२४ च्या लोकसभेचा कौल समजून घ्यायचा, तर ही अस्वस्थता विसरून चालणार नाही.

चौथी गोष्ट थेट हातात पडणाऱ्या पैशाची. २०२० मध्ये राज्याने खावटी अनुदान म्हणून कुटुंबाला ४ हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याचा शिधा, देण्याचे ठरवले. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये सुरू झाले. अशा पैशाला मतांची लाच म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ज्या घरात पावसाळ्यात धान्य संपते तिथे दीड हजार रुपयांनी आईच्या हातात निर्णय येतो. मला खटकते ते दुसरेच. बँकेतले पैसे काढायला जिथे दिवस मोडून धडगाव किंवा मोलगीला उतरावे लागते, तिथे योजना सुरू करताना बँक, नेटवर्क आणि रस्ता यांचाही विचार व्हायला हवा होता. रोख रक्कम हे रस्त्याचे आणि दवाखान्याचे उत्तर होऊ शकत नाही.

स्थलांतरिताचे मत

दिवाळीनंतर जिल्ह्यातली हजारो कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, सौराष्ट्राच्या शेतांवर जातात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे मध्येच परतता येत नाही. होळीला बहुतेक जण गावी येतात. काठीची आणि पाड्यापाड्यांवरची होळी हा इथला सर्वांत मोठा सण. म्हणजे निवडणूक एप्रिल-मे महिन्यांत आली, तर मजूर गावात असण्याचा संभव जास्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आली, तर त्याचे मत उसाच्या फडात अडकण्याची भीती. निवडणुकीची तारीख ठरवताना परीक्षा, सण, पाऊस यांचा विचार होतो. ऊसतोडीच्या हंगामाचाही व्हायला हवा.

ऑगस्ट २०१९ मध्ये एका राज्याचे रेशन दुसऱ्या राज्यात मिळण्याची सोय ज्या राज्यांमध्ये सर्वांत आधी झाली, त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात ही जोडी होती. धान्याचा हक्क सीमेपलीकडे गेला, मताचा गेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने एका यंत्रावरून बहात्तर मतदारसंघांपर्यंतचे मतदान घेऊ शकेल अशी दूरस्थ मतदान यंत्रणा राजकीय पक्षांपुढे मांडली. पक्षांनी शंका घेतल्या आणि विषय मागे पडला. शंका रास्त असतील, पण त्यांवर तोडगा काढायचे काम कुणी पुढे नेले नाही. सैनिकाला आणि निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्याला टपाली मतदानाची सोय आहे. ऊसतोड मजूरही देशाचे कामच करतो.

संघटनेने काय मिळवले

मतपेटीतून जे मिळाले नाही, ते इथल्या माणसांनी पुष्कळदा संघटनेतून मिळवले. मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने जानेवारी १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकरांसारखे बाहेरून आलेले तरुण आणि वाहरू सोनवणे यांच्यासारखे इथलेच कार्यकर्ते एकत्र आले. हातून गेलेल्या जमिनी परत मिळवणे, सालदारांची मजुरी, दुष्काळात कामाची मागणी हे तिचे विषय. बायकांनी गावोगावच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. आदिवासींच्या जमिनी त्यांना परत देण्याचा महाराष्ट्राचा १९७४ चा कायदा आणि पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागे असल्या चळवळींचा रेटा होता. अंबरसिंग १९७४ मध्ये गेले. त्यांनी निवडणूक जिंकून जेवढे केले असते, त्याहून अधिक निवडणुकीबाहेर राहून केले, असे मी म्हणेन.

नर्मदेचा लढा हे दुसरे उदाहरण. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावे बुडाली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. राज्याच्या मतदारसंख्येत ३३ गावे म्हणजे काहीच नाहीत. ज्यांचे घर बुडते त्यांची संख्या थोडी आणि ज्यांना पाणी मिळते त्यांची मोठी, अशा ठिकाणी नुसत्या बहुमताने न्याय होत नाही. तरीही नर्मदा बचाओ आंदोलनाच्या रेट्यामुळे जागतिक बँकेला प्रकल्पाच्या फेरतपासणीसाठी मोर्स समिती नेमावी लागली, १९९२ मध्ये तिचा अहवाल आला आणि १९९३ मध्ये बँकेचे कर्ज थांबले. धरण थांबले नाही. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला परवानगी दिली आणि २०१७ मध्ये ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पण जमिनीच्या बदल्यात जमीन, वसाहती आणि आंदोलनाच्या जीवनशाळा यांपैकी जे विस्थापितांच्या पदरात पडले, ते संघटित राहिल्यामुळे पडले. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकसंघर्ष मोर्चाचे हजारो आदिवासी ठाण्याहून चालत आझाद मैदानात गेले, तेव्हाही मागणी वनहक्कांचीच होती. कायद्याने दिलेले मिळवण्यासाठी चालत मुंबई गाठावी लागते, ही व्यवस्था नापास झाल्याची गुणपत्रिका आहे.

सर्वांत जवळचे मत

पाड्यावरच्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत कामाचे मत ग्रामपंचायतीचे आणि जिल्हा परिषदेचे. आरोग्य केंद्र, शाळा, पाण्याची विहीर, पोषण आहार यांचा कारभार तिथून चालतो. नेमकी हीच पातळी सर्वांत दुबळी झाली आहे.

जानेवारी २०२० मध्ये नंदुरबार जिल्हा परिषदेच्या ५६ जागांपैकी भाजप आणि काँग्रेस यांना प्रत्येकी २३, शिवसेनेला ७ आणि राष्ट्रवादीला ३ जागा मिळाल्या. काँग्रेस आणि शिवसेनेने सत्ता स्थापली. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्यातल्या सत्ताबदलामागोमाग ती भाजपकडे गेली. मतदाराने मध्ये कुठेही नवा कौल दिला नव्हता. नंदुरबार नगरपालिकेची निवडणूक २०१७ च्या डिसेंबरमध्ये झाली होती. २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढच्या मतदानासाठी शहराला २०२५ च्या अखेरपर्यंत थांबावे लागले. राज्यभर अशीच स्थिती होती. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असे बजावले, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. निवडणुका ज्यामुळे अडल्या तो इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद खराच गुंतागुंतीचा होता, पण तो सुटेपर्यंत प्रशासकाच्या हाती कारभार देणे म्हणजे मतदाराला वर्षानुवर्षे रजेवर पाठवणे. सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. सरपंच कुणी निवडायचा हे दर सरकारबरोबर बदलले, गावाला कुणी विचारले नाही.

गावानेही आपली जबाबदारी ओळखली पाहिजे. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळी गावात देवळाच्या बांधकामासाठी ४२ लाखांची बोली लावून सरपंचपद ठरवल्याचे उघड झाले. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे इथे बोली दोन कोटींवर गेली. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. हेतू धार्मिक असला, वाद टाळण्याची इच्छा असली, तरी ज्याच्याजवळ ४२ लाख नाहीत त्याचा उभे राहण्याचा हक्क त्या बोलीने काढून घेतला. बिनविरोध निवडणुकीचे कौतुक करताना ती कशामुळे बिनविरोध झाली, हे प्रत्येक वेळी विचारायला हवे.

या पातळीवर एक मोठे हत्यार कायद्याने दिले आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांमुळे अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला आपली स्वतंत्र ग्रामसभा घोषित करून घेता येते. गौण वनोपज, गौण खनिजे, दारूचे दुकान, सावकारी यांवर तिला अधिकार आहेत. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो आणि तो कसा खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचे असते. जिल्ह्याचा मोठा भाग या कायद्याखाली येतो. पाड्यांत कारभारी आणि वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची रीत जुनीच आहे. कायद्याने तिला स्त्रियांसह प्रत्येक मतदाराचा सहभाग जोडला. पण ग्रामसेवकाने आधीच लिहिलेल्या ठरावावर अंगठे घेतले गेले, तर कायदा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. ग्रामसभेची सूचना पाड्याच्या बोलीत दिली जाणे, पाच टक्के निधीचा हिशेब भिंतीवर लागणे आणि बैठक मजूर गावात असतील अशा महिन्यात होणे, एवढे झाले तरी चित्र बदलेल. याला कोट्यवधींचा खर्च लागत नाही.

निष्कर्ष

नंदुरबारच्या मतदाराने तीन गोष्टी सिद्ध केल्या आहेत. एक, तो मत देतो आणि समजून देतो. दोन, गृहीत धरले तर तो कौल बदलतो आणि पटले नाही तर परत बदलतो. तीन, संघटित झाला तर कायदे करायला भाग पाडतो. मत बदलल्याने नेत्यांच्या सभा वाढल्या, पण सभा म्हणजे काम नव्हे. काम झाले ते जिथे मतामागे संघटना उभी होती आणि निवडणूक संपल्यावरही तिने पाठपुरावा सोडला नाही तिथे. पाच वर्षांतून एक दिवस मिळणारी सत्ता आणि उरलेल्या दिवसांतली असहायता यांच्यातले अंतर ग्रामसभाच कमी करू शकते.

म्हणून तीन मागण्या पक्षभेद बाजूला ठेवून पुढे न्याव्यात. स्थलांतरित मजुराला कामाच्या ठिकाणाहून मत देता यावे. स्थानिक संस्थांची मुदत संपण्याआधी निवडणूक घेणे सरकारवर बंधनकारक राहावे आणि त्याला कोणतीही सबब चालू नये. प्रत्येक पाड्याची ग्रामसभा घोषित व्हावी, तिच्या ठरावावर काय कारवाई झाली हे ठरावीक मुदतीत लेखी कळवले जावे.

शहरातल्या वाचकांनाही एक सांगणे आहे. तुमच्या चहातली साखर, तुमच्या इमारतीची वीट आणि तुमच्या जेवणातली मिरची यांत नंदुरबारच्या मजुरांचे श्रम आहेत. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की स्वतःच्या गल्लीबरोबर या माणसांच्या मताचे, रस्त्याचे आणि दवाखान्याचे त्याचा पक्ष काय करणार आहे, हेही विचारा. आणि मतदानाला जा; सातपुड्यातला मतदार कोस कोस चालून जातो.